सिबिल परत वर आणायचाय: एकच एफडीवालं कार्ड, की दोन, की तीन-चार?

मावसभावाचा मेसेज रात्री अकराला आला. सिबिल स्कोअरचा, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो ते बँकांना सांगणाऱ्या आकड्याचा स्क्रीनशॉट, ६१२, आणि खाली एकच ओळ, "ताई एक क्रेडिट कार्ड आहे, अजून दोन घेतली तर लवकर वर जाईल ना?" त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की कार्डं जास्त म्हणजे लिमिट जास्त, लिमिट जास्त म्हणजे वापराची टक्केवारी (लिमिटपैकी किती वापरलं ती) कमी, आणि टक्केवारी कमी झाली की सिबिल पळत सुटतो. यातलं अर्धं खरं आहे आणि तीच पंचाईत आहे, साफ खोटं असतं तर एका ओळीत उत्तर देऊन झोपले असते.

मी स्वतः या रस्त्याने गेलेय. एक कार्ड सेटल केलं होतं, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीची रक्कम भरून मिटवलं होतं, स्कोअर साडेपाचशेच्या घरात, आणि तिथून साडेसातशेपर्यंत यायला तीन वर्षं लागली, त्यातलं एक वर्ष तर माझ्याच आगाऊपणामुळे वाया गेलं, ते पुढे सांगतेच. त्याला जे तुकड्यातुकड्यात लिहून पाठवलं तेच इथं जरा नीट लावून लिहितेय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीये.

कार्ड कुठलंही घ्या, आधी रिपोर्ट उघडा

ॲपवर गोल मीटरमध्ये दिसतो तो नुसता आकडा झाला. ३०० ते ९०० मध्ये तुम्ही कुठे आहात एवढंच तो सांगतो, का आहात ते नाही. पूर्ण रिपोर्ट काढा. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो पण हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या, म्हणजे ब्युरो, चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व बँकेच्या नियमाप्रमाणे चौघींनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही बघा, कारण एका ठिकाणी मिटलेलं खातं दुसरीकडे तसंच लोंबकळत असतं. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला म्हणून स्कोअर पडत नाही, ती भीती डोक्यातून काढा.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन असतात. ००० म्हणजे त्या महिन्यात काही थकलं नाही, ०६० म्हणजे साठ दिवस उशीर. माझा पहिल्यांदा उघडला तेव्हा आधी शून्यांची छान रांग, मग ०२९, ०६०, ०९०, आणि वर ठळक 'सेटल्ड'. फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं, मॅडम एवढे भरा आणि विषय संपला. विषय त्यांच्याकडून संपला, माझ्याकडून तिथून सुरू झाला. सेटल्ड म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली, आणि पुढची प्रत्येक बँक ते 'हिने पूर्ण फेडलं नाही' असंच वाचते.

तुमच्याकडे असं खातं असेल तर तीन कार्डांचा विचार नंतर. आधी त्या बँकेला लेखी विचारा की सोडलेली रक्कम किती, जमत असेल तर ती भरा, नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवायला सांगा. चूक असेल, म्हणजे भरलेलं असूनही थकीत दाखवत असतील, तर ऑनलाइन तक्रार टाका. २६ एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की ३० दिवसात तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही पण मेलमध्ये त्या नियमाचा उल्लेख केला की उत्तर लवकर येतं हा माझा अनुभव. चालू थकबाकी तशीच ठेवून नवीन कार्ड घेणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं, आणि तसंही कोण देणारे म्हणा.

पर्याय एक: एकच कार्ड, एफडीवर

स्कोअर पडलेला असताना साधं कार्ड मिळणं अवघड, म्हणून बहुतेकांचा रस्ता इथूनच सुरू होतो. बँकेत एफडी करायची, बँक त्या एफडीवर लिन लावते म्हणजे कार्ड चालू आहे तोपर्यंत ती मोडता येत नाही, आणि एफडीच्या काही टक्के लिमिटचं कार्ड देते, टक्के बँकेप्रमाणे बदलतात. एफडीचं व्याज चालूच राहतं. बाहेरून बघणाऱ्याला हे कार्ड इतर कार्डांसारखंच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर महिन्याचा हिशोब सिबिलकडे तसाच जातो.

लोकांचा एक गैरसमज, की एफडी आहे म्हणजे नाही भरलं तरी बँक त्यातून कापून घेईल, काय बिघडतं. बँक कापून घेतेच, पण कापेपर्यंत जे दिवस उलटले ते चौकोनात उमटतात. म्हणजे पैसेही गेले आणि ज्यासाठी कार्ड घेतलं तेही गेलं.

आता ती टक्केवारीची गोष्ट. समजा २५,००० ची एफडी, लिमिट मिळालं २०,०००. महिन्याचा किराणा, लाइटबिल, फोन, पेट्रोल धरून तुम्ही ९,००० वापरले, म्हणजे ४५ टक्के. ३० टक्क्यांच्या खाली ठेवा असं सगळीकडे सांगतात. तो काही कायदा नाही, ढोबळ नियम आहे, पण चुकीचा नाही. इथेच मावसभावाच्या ऑफिसवाल्याचं गणित येतं, की अजून ३०,००० लिमिटचं कार्ड घे, एकूण ५०,००० होईल, ९,००० म्हणजे फक्त १८ टक्के. बरोबर आहे. पण तेच काम फुकटात होतं. स्टेटमेंट बनायच्या तीन-चार दिवस आधी ॲपमधून ७,००० भरून टाका, बिल निघेल २,००० चं, म्हणजे १० टक्के. नवीन कार्ड नाही, नवीन एन्क्वायरी (बँकेने रिपोर्ट मागवल्याची नोंद) नाही, नवीन तारीख लक्षात ठेवायची नाही. मी पहिलं वर्ष हेच केलं.

फक्त एक बदल ध्यानात घ्या, १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून एकदा नाही तर निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. त्यामुळे फक्त स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी कार्ड रिकामं करून महिनाभर काठोकाठ वापरायचं ही जुनी चलाखी पूर्वीसारखी भरवशाची राहिली नाही. त्यापेक्षा दर रविवारी आठवड्याचे वापरले तेवढे भरून टाकायचे. मला तर हे सोपं पडलं, कारण पैसे अजून खात्यात दिसत असतात तोपर्यंतच भरायची इच्छा असते.

एका कार्डाचा तोटा खरा आहे, तो लपवत नाही. लिमिट छोटं असतं, एखादा दवाखान्याचा नाहीतर गाडीचा खर्च आला की एका फटक्यात ८० टक्के वापर दिसतो. कार्डावर ईएमआय केला तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते, हप्ता फिटेल तशी हळूहळू मोकळी होते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आणि कार्ड फ्रॉडमुळे ब्लॉक झालं तर नवीन येईपर्यंत हातात काही नाही. यावर मधला उपाय म्हणजे दुसरं कार्ड न घेता एफडी वाढवून लिमिट वाढवून घेणं, काही बँका करतात, तुमच्या बँकेला विचारून बघा. मला हा उपाय फार उशिरा कळला.

पर्याय दोन: एफडीवालं आणि सोबत एक साधं

माझं मत सांगायचं तर बहुतेकांसाठी शेवटी पोचायची जागा ही आहे, सुरू करायची नाही. दोन खात्यांवर शून्यांच्या रांगा तयार होतात, त्यातलं एक विनातारण, म्हणजे कुणीतरी एफडीशिवाय तुमच्यावर विश्वास टाकलाय हे पुढच्या बँकेला दिसतं. एक बंद पडलं तर दुसरं आहे. टक्केवारी आपसूक खाली.

पण कधी घ्यायचं? पहिल्या कार्डावर सलग बारा महिने ००० झाल्यावर, हा माझा आकडा, पुस्तकी नाही. सहा महिन्यात प्री-अप्रूव्ड म्हणून मेसेज यायला लागतात आणि माणूस हुरळतो. प्री-अप्रूव्ड म्हणजे मंजूर झालं असं नसतं, तुम्ही फॉर्म भरला की बँक रिपोर्ट मागवते आणि ती एन्क्वायरी रिपोर्टच्या शेवटी तारखेसकट बसते. एकीने नाकारलं म्हणून दुसरीकडे, तिथे नाकारलं म्हणून तिसरीकडे, महिन्यात चार एन्क्वायऱ्या झाल्या की वाचणाऱ्याला ते पैशासाठी वणवण चाललीय असं दिसतं. एकच अर्ज करायचा, शक्यतो जिथे पगार जमा होतो किंवा जिथे ती एफडी आहे तिथेच, आणि नाही म्हणाले तर सहा महिने गप्प बसायचं. आता कुठल्याही बँकेने तुमचा रिपोर्ट उघडला की ब्युरोकडून मेसेज किंवा मेल येतो, तेव्हा तुम्ही अर्ज केलेला नसताना असा मेसेज आला तर तो स्वाइप करून उडवू नका, आधी बघा कोणी उघडला.

दोन कार्डांत खरी अडचण पैशाची नसते, तारखांची असते. माझ्या एकाची ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, ५, दुसऱ्याची २२. पगार १ तारखेला. ५ चं बिल आरामात जायचं, २२ चं यायचं तेव्हा खातं बोडकं. तीन महिने ओढाताण केल्यावर कळलं की बिलिंग सायकल बदलून मागता येते, निदान एकदा तरी तो पर्याय कार्डवाल्यांनी द्यायचा असा रिझर्व बँकेचा नियमच आहे. बदलून घेतलं, आता दोन्ही ड्यू डेट पगारानंतरच्या आठवड्यात येतात. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर दोन ओळी, कार्डाचे शेवटचे चार आकडे, स्टेटमेंटची तारीख, भरायची तारीख, आणि भरलं की पेनने बारीक टिक. मोबाइलमध्ये रिमाइंडर आहेच पण तो वाजला की आपण बंद करतो, कागद बंद करता येत नाही.

ऑटोपेबद्दल थोडं. लावायचं तर पूर्ण बिलाचं लावा, मिनिमम ड्यूचं, म्हणजे बिलात छापलेल्या कमीत कमी रकमेचं नाही. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही आणि चौकोनात ००० येतं हे खरं, म्हणून लोकांना वाटतं आपण व्यवस्थित आहोत. हिशोब करून बघा. १०,००० चं बिल, मिनिमम ५ टक्के म्हणजे ५०० भरले, राहिले ९,५००. महिना साडेतीन टक्के दर धरला तर व्याज ३३० च्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ६०. जवळजवळ ३९०. तुम्ही भरलेल्या ५०० मधले ३९० व्याजातच गेले आणि कर्ज कमी झालं फक्त ११० ने. शिवाय मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. साडेतीन टक्के ऐकायला छोटं वाटतं, वर्षाचे ४२ होतात. पूर्वी ग्राहक आयोगाचा एक निकाल होता २००८ चा, ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं गैर असा, तो सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा कुणी वरून येऊन हा दर कमी करेल या आशेवर राहू नका.

पण ज्यांचा पगार ठरलेला नाही, दुकान आहे, कमिशनवर आहेत, कामाचे पैसे कधी येतील ते समोरच्याच्या मर्जीवर आहे, त्यांनी पूर्ण बिलाचं ऑटोपे लावताना दहादा विचार करा. खात्यात पैसे नसले की ते परत जातं आणि मग बँकेचा बाउन्सचा दंड वेगळा, कार्डाची लेट फी वेगळी. त्यांच्यासाठी मी म्हणेन मिनिममचं ऑटोपे नुसतं जाळी म्हणून ठेवा, आणि खरं बिल दर आठवड्याला हाताने भरा. म्हणजे अगदीच कामात विसरलात तरी निदान चौकोन काळा होत नाही.

एखादा दिवस हुकलाच तर हातपाय गाळू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच बँक ते थकीत म्हणून ब्युरोला कळवू शकते आणि लेट फीही तेव्हाच लावू शकते. पण हे तीन दिवस वाढीव मुदत समजून वापरायला लागलात तर चौथा दिवस लांब नाही, आणि तो आला की दिवस मूळ ड्यू डेटपासून मोजतात.

दुसऱ्या कार्डाला काम ठरवून द्या. माझ्या दुसऱ्यावर फक्त लाइटबिल आणि फोन जातो, बस. यूपीआयला जोडता येणारं रुपे कार्ड असेल तर अजून सांभाळून, कारण २०२२ पासून ही सोय आल्यावर वीस-तीस रुपयेसुद्धा क्रेडिटवर जायला लागलेत आणि महिनाअखेरीला चार पानी स्टेटमेंट येतं ज्यातली एकही ओळ आठवत नाही. मावसभावाचं तेच झालं होतं. त्याने मला स्टेटमेंट पाठवलं, १३७ एन्ट्री, त्यात एक ७९९ ची त्याने केलेलीच नव्हती, दर महिन्याला कापली जायची, कुठल्यातरी ॲपचं सबस्क्रिप्शन, आठ महिने. तो म्हणे मी एकूण आकडाच बघतो.

पर्याय तीन: तीन-चार कार्डं

इथे मी उघड विरोधी पक्षात आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

बाजूने काय बोलता येईल? एकूण लिमिट मोठं, टक्केवारी कायम एक आकडी, प्रत्येक कार्डाची सूट वेगळ्या ठिकाणी. ज्याचा स्कोअर आधीच चांगला आहे, महिन्याचा खर्च आणि उत्पन्न दोन्ही पक्कं आहे आणि ज्याला हिशोब ठेवायची हौस आहे त्याने चार काय सहा ठेवावीत, माझं काही म्हणणं नाही. पण जो सेटलमेंटमधून उठतोय तो पहिल्यांदा पडला कशामुळे? पैसे कमी म्हणून कधी कधी, नोकरी गेली म्हणून कधी कधी, पण बऱ्याचदा खूप ठिकाणी थोडं थोडं देणं होतं आणि कुठे किती ते एकत्र कधी दिसलंच नाही म्हणून. त्याच्याच हातात परत चार कार्डं द्यायची?

आता माझा आगाऊपणा. दोन कार्डं व्यवस्थित चालली होती, स्कोअर सातशेच्या वर गेला, आणि एका कार्यक्रमात स्टॉलवर एका मुलाने गोड बोलून तिसरं कार्ड गळ्यात घातलं, पहिलं वर्ष फ्री मॅडम. घेतलं, एकदा वापरलं, ड्रॉवरमध्ये टाकलं. तेराव्या महिन्यात वार्षिक फी लागली ४९९, त्यावर जीएसटी, झाले ५८९. स्टेटमेंट जायचं माझ्या जुन्या मेलवर जो मी महिन्यातून एकदा उघडते, मेसेज आला असेल तर तो बाकीच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये बुडाला. ५८९ चे लेट फी आणि व्याज मिळून तेराशेच्या पुढे गेले, आणि मला कळलं कधी, तर दुसऱ्याच कामासाठी रिपोर्ट काढला तेव्हा. शून्यांच्या रांगेत एक ०३४. स्कोअर सत्तरएक पॉइंटनी खाली. ५८९ रुपयांसाठी! भांडले, फी परत मिळाली, पण ०३४ काही हललं नाही, कारण त्यांचं म्हणणं बिल तर खरंच निघालेलं होतं. आणि होतं.

ड्रॉवरमधलं कार्ड निष्पाप नसतं एवढंच यातून मी शिकले. नको असेल तर बंद करा. बाकी शून्य असेल तर अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसात बंद करायला लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असा नियम आहे. तुम्ही वर्षभर वापरलंच नाही तर बँक स्वतःही तुम्हाला कळवून, ३० दिवस वाट बघून बंद करू शकते. कस्टमर केअरवाला पॉइंट देतो, लिमिट वाढवतो, फी माफ करतो म्हणेल, फी कायमची माफ असं लेखी देत असेल तर ऐका, नाहीतर गोड बोलून फोन ठेवा आणि बंद केल्याचा मेल जपून ठेवा.

चार कार्डांत अजून एक धोका असतो, त्याला घरोघरी 'याची टोपी त्याला' म्हणतात. ह्या कार्डावरून कॅश काढून त्या कार्डाचं बिल. कॅशला बिनव्याजी दिवस नसतात, काढल्या क्षणापासून व्याज, वर काढण्याची फी. २०२५ पर्यंत लोक कुठल्यातरी ॲपवरून स्वतःलाच भाडं दिल्यासारखं दाखवूनही पैसे फिरवायचे, त्यांची फी वेगळी आणि बँकेच्या नजरेत आलं तर कार्ड बंद. रिपोर्टमध्ये तीन-चार महिने सगळं ००० दिसतं, बाकी मात्र सगळीकडे एकदमच फुगत जाते, आणि ज्या महिन्यात टोपी अडते त्या महिन्यात चारही खाती एकदम लाल होतात. एक कार्ड असताना एकच चौकोन बिघडला असता.

मग कुणी काय घ्यावं

समोरासमोर ठेवून बोलायचं तर, रिपोर्टमध्ये गेल्या वर्षभरातलं काही थकीत असेल, किंवा सेटल्ड खातं अजून मिटवलं नसेल, तर एक एफडीवालं कार्ड आणि दर रविवारी भरणं, दुसरा विचार नको. एफडीएवढे पैसे अडकवणंही जड जात असेल तर छोटी करा, पाच-दहा हजारांच्या लिमिटवरही चौकोन तेवढेच स्वच्छ येतात, स्कोअरला रकमेचा मोठेपणा दिसत नाही.

वर्षभर शून्यं आली, पगार नियमित आहे, आणि पुढे दोन-तीन वर्षांत घराचं नाहीतर गाडीचं कर्ज घ्यायचंय, तर दुसरं घ्या. फक्त कर्जाचा अर्ज करायच्या ऐन तोंडावर नाही, निदान सहा-आठ महिने आधी, म्हणजे नवीन एन्क्वायरी आणि नवीन खातं जरा जुनं होतं. आणि दुसरं मिळालं म्हणून एफडीवालं लगेच मोडू नका, तुमच्या स्वच्छ खात्यांमधलं तेच सगळ्यात जुनं आहे. वार्षिक फी जास्त असेल तरच विचार करा.

नवरा-बायकोपैकी एकाचाच स्कोअर खराब असेल तर दुसऱ्याच्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड घ्यावं का, हा प्रश्न येतो. खर्चाला सोयीचं आहे, पण ॲड-ऑनचं देणं मूळ कार्डधारकाच्या नावावर असतं, त्यामुळे तुमचा स्वतःचा इतिहास त्याने बांधला जाईल या भरवशावर राहू नका. स्वतःच्या नावावर छोटं एफडीवालं हे त्यापेक्षा बरं.

तीन-चारचा विचार साडेसातशे पार झाल्यावर, आणि तेव्हाही आधी दोन महिने मागची सगळी स्टेटमेंटं ओळीन् ओळ वाचून बघा, कंटाळा आला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

लिमिट वाढवून देतो असे फोन या सगळ्यात येतच राहतील. तुमच्या स्पष्ट होकाराशिवाय वाढवता येत नाही, तेव्हा फोनवर हो हो म्हणायची सवय असेल तर ती जरा आवरा. वाढवून घेण्यात वाईट काही नाही, टक्केवारी उलट सुधारते आणि कार्डांची संख्याही वाढत नाही, पण ज्याला लिमिट म्हणजे खात्यातले पैसे वाटतात त्याच्यासाठी नाही. कोणाला तसं वाटतं ते ज्याचं त्याला माहीत असतं.

मावसभावाने शेवटी दोन नवीन कार्डांचा नाद सोडला. ते ७९९ वालं बंद केलं, यूपीआयवरून कार्ड काढून टाकलं, आणि एफडी दहाची पंचवीस हजार करून लिमिट वाढवून घेतलं. परवा परत स्क्रीनशॉट आला, ६४८, आणि खाली, "ताई आता तरी दुसरं घेऊ?" मी विचारलं शून्यं किती झाली. म्हणाला सात. म्हटलं अजून पाच.